जॉब्रेकर: एक बँड, एक करार आणि एक फूट

जॉब्रेकर या अमेरिकी बँडची गोष्ट सहसा एका वाक्यात उरकली जाते: छोट्या कंपन्यांमार्फत रेकॉर्ड काढणाऱ्या तिघा मित्रांनी १९९५ साली बड्या कंपनीचे पैसे घेतले, जुने चाहते उलटले आणि वर्षभरात बँड फुटला. यातला प्रत्येक तपशील खरा आहे, पण त्यांची मांडणी अशी आहे की पैसा हेच एकमेव कारण वाटावे, आणि तसे ते नव्हते. ही फूट समजून घ्यायची तर तीन वेगवेगळ्या गोष्टी उलगडाव्या लागतात: स्वतंत्र संगीताची व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालत असे, रेकॉर्ड कंपनीच्या करारातले पैसे कोणत्या वाटेने येतात आणि कोणत्या वाटेने परत जातात, आणि रोज एकाच व्हॅनमध्ये बसून प्रवास करणाऱ्या तीन माणसांचे आपसात काय होते.

आधी थोडे 'इमो'विषयी, कारण जॉब्रेकरचे नाव या संगीतप्रकाराशी जोडले जाते. आज हा शब्द ऐकला की डोळ्यांवर येणारे काळे केस आणि घट्ट जीन्स घातलेली किशोरवयीन मुले आठवतात, पण ती प्रतिमा २००० नंतरची आहे. मूळ प्रकार १९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन डी.सी. शहरात आकाराला आला. तिथला हार्डकोर पंक तोवर वेग, आवाज आणि राजकीय संताप एवढ्यापुरता उरला होता, आणि कार्यक्रमांतली मारामारी नित्याची झाली होती. त्याला कंटाळलेल्या काही तरुणांनी त्याच वेगात आणि त्याच गोंगाटात स्वतःच्या मनातली भीती, पश्चात्ताप, मैत्रीतले तुटलेपण यांविषयी गायला सुरुवात केली. राइट्स ऑफ स्प्रिंग हा या वळणाचा पहिला महत्त्वाचा बँड मानला जातो. त्यांचा एकमेव अल्बम १९८५ साली डिस्कॉर्ड या स्थानिक लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढला. या संगीताला 'इमोशनल हार्डकोर' आणि पुढे नुसते 'इमो' असे नाव चिकटले, जे त्यातल्या जवळजवळ कोणत्याही कलाकाराला आवडले नाही. जॉब्रेकरही स्वतःला पंकच म्हणवत, पण नव्वदीतल्या इमोची पायाभरणी ज्या मोजक्या बँडनी केली त्यांत त्यांचे नाव टाळता येत नाही.

गायक आणि गिटारवादक ब्लेक श्वार्झेनबाख आणि ड्रमवादक ॲडम फालर हे लॉस एंजेलिस परिसरातले शाळासोबती. बासवादक ख्रिस बावरमायस्टर त्यांना न्यूयॉर्क विद्यापीठात भेटला आणि १९८६च्या सुमारास तिघे एकत्र वाजवू लागले. १९९० साली पहिला अल्बम 'अनफन' आला, १९९२ साली दुसरा, 'बिव्हुअक'. मधल्या काळात तिघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन या त्या वेळी स्वस्त असलेल्या वस्तीत बस्तान बसवले. श्वार्झेनबाखचा घोगरा, खरवडल्यासारखा आवाज आणि त्याची लेखकी वळणाची गीते ही बँडची ओळख झाली. पंक गाण्यात घोषणा असतात अशी ज्यांची समजूत होती, त्यांना इथे एखाद्या कथेतल्यासारखी माणसे, खोल्या, रस्ते आणि अर्धवट राहिलेली संभाषणे भेटली. एका गाण्यात तर कादंबरीकार जॅक केरुआक याच्या वाचनाचा ध्वनिमुद्रित तुकडाच मिसळलेला आहे. बावरमायस्टरचा बास केवळ मागून साथ देत नाही, तो स्वतंत्र चाल धरून गाण्याच्या पुढ्यात येतो, आणि माझ्या मते या बँडचे वेगळेपण गीतांइतकेच त्या बासमध्ये आहे.

हे सारे ज्या व्यवस्थेत घडले तिच्याकडे आता पाहू. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेतला बहुतेक संगीतव्यवसाय सहा बड्या समूहांच्या हातात होता. त्यांच्या वितरणयंत्रणेबाहेर राहून रेकॉर्ड काढणारी कंपनी म्हणजे स्वतंत्र लेबल. अशी लेबले अनेकदा एखाद्याच्या घरातून चालत. ध्वनिमुद्रणाचा खर्च थोडा असे, कारण अख्खा अल्बम काही दिवसांत उरकला जाई. काही हजार प्रती विकल्या तरी खर्च निघत असे, आणि त्यापुढचा नफा लेबल व बँड यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यायचा, असा शिरस्ता अनेक ठिकाणी होता. शिकागोचे टच अँड गो हे लेबल तर लेखी करारही न करता केवळ शब्दावर हा व्यवहार करण्यासाठी प्रसिद्ध होते. प्रसिद्धी मिळे ती चाहत्यांनीच काढलेल्या, झेरॉक्स केलेल्या किंवा स्वस्त कागदावर छापलेल्या पत्रिकांतून, म्हणजे फॅनझिन्समधून. कार्यक्रम होत ते बंगल्यांच्या तळघरांत, भाड्याच्या सभागृहांत आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागांत. कोणत्या गावात कोण कार्यक्रम ठरवून देतो आणि रात्री कोणाच्या घरी जमिनीवर पथारी पसरता येते, याच्या याद्या छापून देशभर फिरत.

या व्यवस्थेत श्रोता हा केवळ गिऱ्हाईक नसतो, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात लवकर येत नाही. जो मुलगा रेकॉर्ड विकत घेतो तोच फॅनझिन काढतो, तोच दारावर तिकिटे फाडतो आणि तोच बँडला रात्री जेवू घालतो. आपण सर्वांनी मिळून हे उभे केले आहे असे त्याला वाटते, आणि ते वाटणे चुकीचे नाही. त्यामुळे बँडने काय करावे यावर आपला हक्क आहे असेही त्याला वाटू लागते. बर्कली शहरात १९८६च्या अखेरच्या दिवशी सुरू झालेले ९२४ गिलमन स्ट्रीट हे ठिकाण याचे ठळक उदाहरण. स्वयंसेवकांनी चालवलेल्या या सभागृहात दारू आणि मारामारी यांना बंदी होती, वंशद्वेषाला थारा नव्हता, आणि बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडलाही रंगमंच मिळत नसे. त्याच परिसरातून निघणारे 'मॅक्झिमम रॉकनरोल' हे प्रभावी नियतकालिक बड्या कंपन्यांच्या रेकॉर्डचे परीक्षणही छापत नसे आणि त्यांच्या जाहिरातीही घेत नसे. बाहेरच्याला हा हट्टीपणा वाटेल, पण त्यामागे एक व्यावहारिक भीती होती: मोठा पैसा आला की लोकप्रिय बँड उचलले जातील, गर्दी त्यांच्यामागे जाईल आणि उरलेल्यांची तळघरे व लेबले ओस पडतील.

१९९१पर्यंत ही भीती बरीचशी तात्त्विक होती. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये गेफन कंपनीच्या डीजीसी या शाखेने निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम काढला आणि जानेवारी १९९२मध्ये तो अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तळघरात वाजणारे संगीतही लाखांनी विकले जाऊ शकते हे कंपन्यांना उमगले, आणि त्यांचे प्रतिनिधी धनादेशाची वही घेऊन छोट्या शहरांत हिंडू लागले. फेब्रुवारी १९९४मध्ये गिलमनमध्येच वाढलेल्या ग्रीन डे या बँडचा 'डूकी' हा अल्बम वॉर्नर समूहाच्या रिप्राइझ लेबलवर आला. त्याच्या एकट्या अमेरिकेत पुढे एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. गिलमनने नियमाप्रमाणे त्यांना दार बंद केले. आता संशय घेण्यासारखी माणसे प्रत्येकाच्या ओळखीतली होती.

त्याच महिन्यात जॉब्रेकरचा तिसरा अल्बम, '२४ अवर रिव्हेंज थेरपी', प्रसिद्ध झाला. बहुतेक चाहते याला त्यांचे सर्वोत्तम काम मानतात आणि मीही त्यांतलाच आहे. याआधी युरोपच्या दौऱ्यात श्वार्झेनबाखच्या स्वरतंतूंवर गाठ आढळली होती आणि तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्या अनुभवावर या अल्बममध्ये एक गाणेही आहे. दुसरे एक गाणे पंकच्या सोवळेपणाची उघड टर उडवते. म्हणजे आपल्याच गोटातल्या पहारेकऱ्यांविषयीचा वैताग करार होण्याच्या वर्षभर आधीच गाण्यांत उतरलेला होता. ऑक्टोबर १९९३मध्ये निर्वाणाच्या दौऱ्यातल्या काही कार्यक्रमांत जॉब्रेकर आधी वाजवणारा बँड म्हणून गेला, तेव्हाच फॅनझिनमधून टीका सुरू झाली. तिला उत्तर म्हणून आपण कोणत्याही बड्या कंपनीकडे जाणार नाही, असे श्वार्झेनबाखने जाहीरपणे सांगितले. हे विधान त्याला पुढे फार महागात पडले. करार करणारे बँड पुष्कळ होते. करार करणार नाही असे सांगून मग करणारे थोडे होते.

या अल्बमचे मुख्य ध्वनिमुद्रण १९९३ साली शिकागोच्या स्टीव्ह अल्बिनी याने केले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्याच वर्षी अल्बिनीने 'द बॅफलर' या नियतकालिकात बड्या कंपन्यांच्या करारांची चिरफाड करणारा एक लेख लिहिला, आणि संगीतव्यवसायाचे गणित समजावण्यासाठी आजही त्याचाच दाखला दिला जातो. (अल्बिनी स्वतः अल्बमच्या विक्रीतला हिस्सा कधीच घेत नसे, कामाची ठरलेली मजुरी घ्यायची आणि मोकळे व्हायचे, हे त्याचे धोरण २०२४ साली तो वारला तोवर कायम राहिले.) ते गणित असे आहे.

कंपनी बँडला करार करताना जी मोठी रक्कम देते ती बक्षीस नसते आणि पगारही नसतो. ती उचल असते. ऊसतोड कामगाराने हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल जशी त्याच्या मजुरीतून वळती होते, तशी ही रक्कम बँडच्या भावी मानधनातून वळती होते. मानधनाचा दर किरकोळ किमतीच्या तेरा-चौदा टक्क्यांच्या आसपास असे, आणि त्यातूनही वेष्टनासारख्या कारणांसाठी कपात होई. शिवाय ध्वनिमुद्रणाचा खर्च, निर्मात्याचे पैसे, व्हिडिओचा खर्च, आधीच्या लेबलला दिलेली भरपाई, यांतले बरेचसे बँडच्या खात्यावर नावे पडते. व्यवस्थापक आणि वकील आपला वाटा उचलीतूनच, म्हणजे रक्कम बँडच्या हातात पडण्याआधी, काढून घेतात. अल्बिनीने चार जणांच्या एका काल्पनिक बँडचा हिशेब मांडला. अडीच लाख डॉलरची उचल मिळते, अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात, दुकानांतून तीस लाख डॉलर गोळा होतात. कंपनीला त्यातून सात लाख दहा हजार डॉलर सुटतात. बँडच्या मानधनाच्या खात्यात मात्र उणे चौदा हजार डॉलर दिसतात, आणि वर्षभराच्या श्रमांनंतर प्रत्येक सदस्याच्या पदरात पडतात ४,०३१ डॉलर २५ सेंट.

यात आणखी एक मेख असते, जी आकड्यांपेक्षा अधिक बोचते. करार सहसा एका अल्बमचा नसतो, अनेक अल्बमचा असतो, आणि एकावरची तूट पुढच्याच्या कमाईतून वसूल करता येते. पुढचा अल्बम काढायचा की नाही हे कंपनी ठरवते. दुसरीकडे जायचे की नाही हे बँड ठरवू शकत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकीही कंपनीकडेच राहते, मग ते विकायचे की कपाटात ठेवायचे हा तिचा प्रश्न.

जॉब्रेकरला हे ठाऊक नव्हते असे मानायला जागा नाही. ज्याने हे गणित मांडले त्याच्याच स्टुडिओत त्यांनी गाणी मुद्रित केली होती. तरीही त्यांनी डीजीसीशी तीन अल्बमचा, सुमारे दहा लाख डॉलरचा करार केला. याचे उत्तर सदस्यांच्या नंतरच्या बोलण्यातून मिळते: बँड त्या वेळी आधीच मोडण्याच्या बेतात होता. श्वार्झेनबाख आणि बावरमायस्टर यांच्यातला अबोला नवा नव्हता. १९९०च्या लांबलचक दौऱ्यातच त्यांचे बिनसले होते आणि त्यानंतर काही काळ बँड थांबलाही होता. वर्षानुवर्षे जमिनीवर झोपून, तुटपुंज्या पैशांत, एकमेकांपासून पळ काढायला जागा नसलेल्या व्हॅनमध्ये काढलेल्या काळाने तिघेही थकले होते. अशा वेळी समोर दोनच वाटा दिसत होत्या, थांबणे किंवा काहीतरी मोठे करून पाहणे. त्यांनी दुसरी घेतली. करारामुळे बँड मोडला या म्हणण्यापेक्षा, बँड मोडू नये म्हणून करार केला गेला, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

'डिअर यू' हा अल्बम सप्टेंबर १९९५मध्ये आला. निर्माता होता रॉब कॅव्हालो, ज्याने 'डूकी' घडवला होता. आधीचे अल्बम काही दिवसांत उरकलेले. इथे आठवडेच्या आठवडे खर्च करून गिटारचे थर एकावर एक चढवले गेले आणि आवाज काचेसारखा स्वच्छ, पुढे आणलेला असा मुद्रित झाला. शस्त्रक्रियेनंतर श्वार्झेनबाखची गाण्याची पद्धतही निवळली होती. पण श्रोत्यांनी घशाचा विचार केला नाही. त्यांनी तो स्वच्छ आवाज ऐकला आणि कंपनीने आमच्या बँडला घासूनपुसून बाजारात मांडले असा निष्कर्ष काढला. कार्यक्रमांत नवी गाणी सुरू झाली की काही चाहते रंगमंचाकडे पाठ करून जमिनीवर बसत. गीतांच्या बाजूने पाहिले तर हा त्यांचा सर्वांत खासगी, सर्वांत उदास अल्बम आहे, आणि निषेधाच्या गदारोळात ही गोष्ट कोणाच्या फारशी कानावर पडली नाही. मला तो पहिल्या ऐकण्यात जरा गुळगुळीत वाटला होता, हेही खरे. त्याची गाणी हळूहळू चढतात.

कंपनीला अपेक्षित होता दुसरा 'डूकी'. एका गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर लागला, पण रेडिओने ते उचलून धरले नाही आणि विक्री कंपनीच्या अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. इथे बँड दोन्हीकडून उघडा पडला. ज्या नव्या श्रोत्यांसाठी एवढा खर्च झाला ते आलेच नाहीत, आणि ज्यांच्या घरी रात्र काढता येत असे त्यांची दारे बंद झाली. छोट्या व्यवस्थेत मंदीचे वर्ष सोसता येते, कारण खर्चच थोडा असतो. उचल घेतलेल्या बँडला तशी सवड नसते.

१९९६ साली ते फू फायटर्सच्या दौऱ्यात आधी वाजवू लागले. या योगायोगाची नोंद घ्यायला हवी: फू फायटर्सचे बास आणि ड्रम वाजवणारे नेट मेंडेल आणि विल्यम गोल्डस्मिथ हे दोघे सिॲटलच्या सनी डे रिअल इस्टेट या इमो बँडमधून आलेले होते, आणि तो बँड आदल्याच वर्षी फुटला होता. सनी डेने बड्या कंपनीशी करार केलेला नव्हता, त्यांचे लेबल सब पॉप हे होते, आणि चाहतेही त्यांच्यावर नाराज नव्हते. गायक जेरेमी एनिक याचे धर्माकडे वळणे आणि आपसातले ताण तिथे पुरेसे ठरले. जॉब्रेकरच्या फुटीचे सारे खापर करारावर फोडणाऱ्यांनी हे शेजारचे उदाहरण विचारात घ्यावे. दोन-तीन अल्बमनंतर फुटणे हे या प्रकारच्या बँडचे जवळजवळ सर्वसाधारण आयुष्यमान होते.

जॉब्रेकरचा शेवट व्हॅनमध्ये झाला. त्याच वर्षी ओरेगन राज्यात प्रवास सुरू असताना श्वार्झेनबाख आणि बावरमायस्टर यांच्यात हातघाईवर प्रकरण गेले, आणि उरलेले कार्यक्रम कसेबसे पार पाडून बँड थांबला. जाहीर झाले ते नंतर, उन्हाळ्यात. तीनपैकी एकच अल्बम झाला होता.

त्यानंतर त्या अल्बमचे जे झाले ते करारातल्या मालकीच्या कलमाचा अर्थ स्पष्ट करते. गेफनने 'डिअर यू'च्या प्रती काढणे बंद केले. दशकाच्या अखेरीस ती कंपनी स्वतःच युनिव्हर्सल समूहाच्या पुनर्रचनेत इंटरस्कोपमध्ये विलीन झाली आणि असे न खपलेले शेकडो अल्बम यादीतून नाहीसे झाले. बाजारात नवी प्रत मिळेना, तेव्हा जुन्या सीडी इंटरनेटवरच्या लिलावांत चढ्या भावाने जाऊ लागल्या. ज्यांनी तो निर्माण केला त्यांनाही तो पुन्हा छापण्याचा अधिकार नव्हता. ॲडम फालर तोवर सॅन फ्रान्सिस्कोत भागीदारीत व्हिडिओ भाड्याने देण्याचे दुकान चालवत होता, शिवाय ब्लॅकबॉल नावाचे छोटे लेबलही. त्याने कंपनीकडून परवाना मिळवला आणि २००४ साली 'डिअर यू' त्या लेबलवर पुन्हा निघाला, म्हणजे बँडला स्वतःचीच ध्वनिमुद्रणे कंपनीच्या परवानगीने छापावी लागली. श्वार्झेनबाख या मधल्या काळात न्यूयॉर्कला परतून जेट्स टू ब्राझील हा नवा बँड काढून मोकळा झाला होता, तोही एका स्वतंत्र लेबलवरच.

दरम्यान ऐकणारी पिढी बदलली. २००३ साली जॉब्रेकरच्या गाण्यांचा एक मानवंदना अल्बम निघाला, त्यात फॉल आउट बॉय हा त्या वेळी उदयाला येत असलेला बँड होता. २०००नंतर इमो ज्या रूपात जगभर पोहोचला, म्हणजे स्वच्छ ध्वनिमुद्रण, भरगच्च गिटार आणि कबुलीजबाबासारखी गीते, ते रूप 'डिअर यू'च्याच वळणाचे आहे. गंमत अशी की तो अल्बम फसला तेव्हा कारण दिले गेले ते नेमके याच गुणांचे. नव्या श्रोत्यांनी तो कराराच्या बातमीशिवाय ऐकला, त्यामुळे त्यांना तो केवळ चांगल्या गाण्यांचा संग्रह वाटला.

सप्टेंबर २०१७मध्ये शिकागोच्या रायट फेस्ट या महोत्सवात तिघे पुन्हा एकत्र वाजले, एकवीस वर्षांनी, आणि तेही मुख्य बँड म्हणून. २०२२ साली त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, तो 'डिअर यू'च्या पंचविशीचा. महासाथीमुळे ही पंचविशी दोन वर्षे उशिरा साजरी झाली, आणि तिकिटे घेणाऱ्यांत १९९५ साली जन्मलेलेही नव्हते असे अनेक जण होते.